इमल्शन प्लेटवर विश्वकिरणांची टक्कर कशी टिपायची: ओतण्यापासून मोजणीपर्यंत

न्यूक्लियर इमल्शन म्हणजे सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक पसरलेलं जिलेटिन. ते काचेवर ओतून केलेल्या प्लेटला चालू-बंद करायचं बटण नसतं. काचेवर इमल्शन ओतलं की नोंद सुरू होते आणि प्लेट डेव्हलपरमध्ये जाईपर्यंत ती थांबत नाही. प्लेट फ्रिजमध्ये असो, रेल्वेच्या बर्थखाली असो की डोंगरमाथ्यावर, आरपार गेलेल्या विद्युतभारित कणांचे ट्रॅक तिच्यात साठतच जातात. या तंत्रातली निम्मी कामं म्हणजे हव्या त्या दिवसांतले ट्रॅक नकोशा दिवसांतल्या ट्रॅकपासून वेगळे ठेवण्याची धडपड. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

हा लेख पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. नीट अंधार होणारी डार्करूम, तेल लावून पाहता येईल असा चांगला मायक्रोस्कोप, बर्फ आणि भरपूर सवड एवढं हाताशी हवं. 200 मायक्रॉन जाडीचा थर, 7.5 बाय 2.5 सेंटीमीटरची काच आणि उंचावरचा महिनाभराचा मुक्काम असं उदाहरण धरून चाललो आहे.

नेमकं काय टिपायचं

अवकाशातून येणारे विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. ते वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणुकेंद्रकांवर आदळतात आणि त्यातून दुय्यम कणांची लड खाली उतरते. डोंगरावर पोहोचणाऱ्या या लडीत न्यूट्रॉन आणि प्रोटॉनही असतात. त्यातला एखादा पुरेशा ऊर्जेचा कण इमल्शनमधल्या केंद्रकावर आदळला की ते फुटतं आणि तुकडे सगळ्या दिशांना उडतात. मायक्रोस्कोपखाली एका बिंदूतून फुटलेल्या काळ्या रेघा दिसतात, त्यालाच तारा म्हणतात. इथे लक्ष्य आणि कॅमेरा एकच असतो. थरातलंच चांदीचं, ब्रोमीनचं, कार्बनचं, नायट्रोजनचं किंवा ऑक्सिजनचं केंद्रक फुटतं आणि त्याच थरात त्याचं चित्र उमटतं.

मारिएटा ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर या व्हिएन्नाच्या दोघींनी 1937 साली हे पहिल्यांदा दाखवलं. इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार शिखरावर, सुमारे 2300 मीटर उंचीवर, त्यांनी प्लेटा काही महिने ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्लाऊंना ऑस्ट्रिया सोडावा लागला. नामांकनं होऊनही नोबेल त्यांना कधीच मिळालं नाही. या तंत्राच्या इतिहासातली ही सल आहे आणि ती विसरू नये असं मला वाटतं.

इमल्शन मिळवणं

साध्या फोटोच्या फिल्मवर हे काम होत नाही. तिचा थर फार पातळ असतो आणि त्यात चांदी कमी असते. न्यूक्लियर इमल्शनच्या सुक्या वजनात 80 टक्क्यांहून जास्त सिल्व्हर ब्रोमाइड असतं. त्याचे स्फटिक साधारण 0.2 ते 0.3 मायक्रॉनचे आणि एकसारख्या आकाराचे असतात. कण गेला की वाटेतल्या काही स्फटिकांत चांदीचे अतिसूक्ष्म ठिपके तयार होतात. डेव्हलपर पुढे तेवढ्याच स्फटिकांची पूर्ण चांदी करतो आणि ट्रॅक म्हणजे या चांदीच्या दाण्यांची ओळ.

इमल्शनच्या संवेदनक्षमतेत फरक असतो. इल्फर्ड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या सी2 जातीत मंद, जास्त आयनीभवन करणारे कणच उमटायचे. 1940च्या दशकाच्या शेवटी आलेल्या कोडॅक एनटी4 आणि इल्फर्ड जी5 मध्ये इलेक्ट्रॉनसुद्धा दिसू लागले. ऐकायला दुसरी जात चांगली वाटते, पण हिशेब करून पाहा. समुद्रसपाटीला आडव्या ठेवलेल्या प्लेटमधून दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला सुमारे एक म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्या सुमारे 200 पट जड कण) जातो. म्हणजे महिन्याला 43 हजार. अतिसंवेदनशील थरात हे सगळे उमटतात आणि तारा त्यांच्या गर्दीत शोधावा लागतो. फक्त तारे मोजायचे असतील तर कमी संवेदनशील जात घ्या. म्युऑनचं क्षय पावणं शेवटच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पाहायचं असेल तरच दुसरी.

इमल्शन दुकानात मिळत नाही. आज जपानमधलं नागोया विद्यापीठ स्वतःच्या प्रयोगशाळेत ते बनवतं. 2017 साली खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी ज्या म्युऑन-चित्रांमुळे कळली, त्यांत नागोयाच्या फिल्म होत्या. आपल्याकडे जम्मू, चंदीगड, जयपूर इथल्या विद्यापीठांतले गट जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या ईएमयू-01 या इमल्शन प्रयोगात होते. माझा सल्ला विचाराल तर पहिलं इमल्शन मागवण्याआधी अशा एखाद्या विभागाला पत्र लिहा आणि त्यांच्याकडच्या जुन्या, डेव्हलप झालेल्या प्लेटा महिनाभर मायक्रोस्कोपखाली पाहायला मागा. तारा कसा दिसतो हे डोळ्यांना ठाऊक नसताना नवी प्लेट डेव्हलप करून काहीच हाती लागत नाही.

काचेवर ओतणं

इमल्शन जेलच्या रूपात येतं आणि थंडीत घट्ट असतं. ते 40 ते 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं. त्यापुढे तापवलं तर न उमटलेले स्फटिकही काळे पडायला लागतात. हलक्या हाताने ढवळा, फेस येऊ देऊ नका. बुडबुडे आलेच तर भांडं तसंच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. उजेड गडद तांबडा, अगदी मंद आणि टेबलापासून लांब असावा.

काच आधी साबणाने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन वाळवा आणि तिला जिलेटिन व क्रोम तुरटीच्या पातळ द्रावणाचा एक हात द्या. हा अस्तर-थर टाळला तर डेव्हलप करताना इमल्शन काचेवरून सुटून तरंगू लागतं. काच पातळी तपासलेल्या संगमरवरी फरशीवर किंवा जाड काचेवर ठेवून मोजून घेतलेलं इमल्शन पिपेटने सोडा आणि काचेच्या कांडीने कडेपर्यंत पसरवा. थंड फरशीवर ते काही मिनिटांत बसतं. नंतर ते सावकाश वाळू द्या. पंख्याखाली झटपट वाळवलं तर कडा आधी आकसतात आणि थरात ताण राहतो.

वाळलेल्या थराची जाडी मायक्रोमीटरने पाच ठरावीक ठिकाणी मोजून लिहून ठेवा. ही पायरी सगळे विसरतात आणि शेवटी तिच्याशिवाय लांबीची एकही मोजणी पुरी होत नाही.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या टोकाने क्रमांक, ओतल्याची तारीख आणि वर कुठली बाजू राहील त्याचा बाण कोरा. एका वेळच्या इमल्शनमधून किमान सहा प्लेटा करा. एक लगेच डेव्हलप करायची, एक घरी फ्रिजमध्ये ठेवायची, एक प्रवासाला जाऊन न थांबता परत येईल आणि उरलेल्या तीन डोंगरावर राहतील. पहिल्या तिघी सांगतात की कुठले ट्रॅक डोंगरावरचे नाहीत. या तिघी नसतील तर डोंगरावरच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

कुठे ठेवायची

तारे पाडणारे कण हवेत भराभर कमी होतात. हवेच्या दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 140 ग्रॅम जाडीमागे ते साधारण 2.7 पटीने घटतात. समुद्रसपाटीवर डोक्यावर सुमारे 1033 ग्रॅम हवा असते. कळसूबाई 1646 मीटर. तिथे ती साधारण 850 ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे तारे मुंबईच्या साडेतीन-चार पट. पश्चिम बंगालमधलं सांदकफू 3636 मीटर. तिथे हा गुणाकार 13-14 पर्यंत जातो. सह्याद्रीत सरावाची प्लेट ठेवा, खऱ्या नोंदीसाठी हिमालयात जा.

सांदकफूचं नाव उगीच घेतलं नाही. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटचे देवेंद्र मोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी 1940च्या आसपास दार्जिलिंग, सांदकफू आणि तिबेटमधल्या फारी जोंग इथे इल्फर्डच्या प्लेटा ठेवल्या होत्या. ट्रॅकचं वळणं आणि दाण्यांची दाटी यांवरून त्यांनी इलेक्ट्रॉनच्या सुमारे 200 पट वस्तुमानाच्या कणाचा अंदाज बांधला आणि 'नेचर'मध्ये छापला. त्यांच्या प्लेटांची संवेदनक्षमता कमी होती आणि युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळेनात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या प्लेटांवर 1947 मध्ये पायऑन (क्षय पावून म्युऑन होणारा कण) शोधला आणि 1950 चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. बिभा चौधुरी 1949 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

युरोपातल्या जुन्या लेखांतले ताऱ्यांचे आकडे जसेच्या तसे इथे लागू करू नका. भारत भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, त्यामुळे कमी ऊर्जेचे प्राथमिक कण इथे पोहोचण्याआधीच वळतात. समुद्रसपाटीला एका घन सेंटीमीटर इमल्शनमध्ये दिवसाला एखाद-दुसरा तारा ही ढोबळ कल्पना ठेवा. आपल्या प्लेटचं घनफळ 0.375 घन सेंटीमीटर. महिनाभर सांदकफूला राहिलेल्या एका प्लेटवर पन्नासच्या घरात तारे मिळाले तरी काम झालं म्हणायचं.

प्लेट उभी ठेवा, लांब कड जमिनीला समांतर. आडव्या प्लेटमधून वरून आलेला कण 200 मायक्रॉनचा थर ओलांडून निघून जातो. उभ्या प्लेटमध्ये तोच कण थराच्या पातळीत काही मिलिमीटर चालतो आणि मोजायला लांब ट्रॅक मिळतो. वर छप्पर हलकं असावं. काँक्रीटचा स्लॅब असला तर कणांची आणखी टक्कर होते आणि आकडे बिघडतात. लाकडी किंवा पत्र्याची खोली चालेल.

आता बटणाचा प्रश्न. त्यावर एक जुनी, साधी आणि हुशार युक्ती आहे. डोंगरावर पोहोचल्यावर दोन प्लेटा इमल्शनच्या बाजू एकमेकींना भिडवून चिमट्यात घट्ट बसवा. उतरण्याआधी त्या सुट्या करून वेगळ्या पाकिटांत टाका. एका प्लेटमधून दुसऱ्या प्लेटमध्ये सरळ जुळणारा ट्रॅक चिमटा लावलेल्या काळातलाच. प्रवासातला ट्रॅक जुळणार नाही. प्रत्येक चिमट्याच्या जोडीला क्ष-किरणाने दोन बारीक खुणा पाडून घेतल्या तर पुढे जुळवणी करणं सोपं जातं.

नेणं-आणणं

विमानतळावरच्या आणि रेल्वे-मेट्रो स्थानकांवरच्या सामान तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून प्लेटा गेल्या की संपलं. कॉलेजच्या लेटरहेडवर 'फोटोग्राफिक प्लेटा, उजेड व क्ष-किरण वर्ज्य' असं पत्र घ्या आणि हाताने तपासण्याची विनंती करा. डबी उघडायला सांगतील, तेव्हा आतली काळी पिशवी मात्र उघडायची नाही. हे आधी शांतपणे समजावून सांगायला लागतं.

दुसरा शत्रू उष्णता आणि ओल. उमटलेलं पण डेव्हलप न झालेलं चित्र उबदार, दमट हवेत फिकं होत जातं. जुने ट्रॅक पुसण्यासाठी प्रयोगशाळा मुद्दाम याच गुणाचा उपयोग करतात. प्रयोगाआधी फिल्म काही दिवस उबदार, जवळजवळ ओलसंपृक्त हवेत ठेवली की आधीचे ट्रॅक विरतात. पण डोंगरावरून परतताना तेच नको असतं. सांदकफूच्या पायथ्याच्या मनेभंजनहून खाली सिलिगुडीत येताना तापमान भराभर चढतं, तेव्हा थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि सीलबंद पाकिटात सिलिका जेल ठेवा. ब्रिस्टलच्या गटाने फ्रान्समधल्या पीक दु मिदी शिखरावर ठेवलेल्या प्लेटांपैकी काहींत बोरॅक्स मिसळला होता. त्या प्लेटांत ट्रॅक चांगले टिकले. त्याच गटातले ब्राझीलचे सेझार लात्तेस यांनी पुढे तशाच प्लेटा बोलिव्हियातल्या चाकालतायावर, 5000 मीटरच्या वर नेल्या.

परतल्यावर आठवडाही घालवू नका. प्लेटा लगेच डेव्हलप करा.

डेव्हलप करणं

सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं. अडचण साधी आहे. 200 मायक्रॉनचा थर डेव्हलपरमध्ये बुडवला तर द्रावण तळापर्यंत पोहोचेपर्यंत वरचा भाग कधीच काळा झालेला असतो. वर जास्त, खाली काहीच नाही. 1948 मध्ये डिल्वर्थ, ओक्कियालिनी आणि पेन यांनी यावर उपाय काढला. डेव्हलपर थंड असताना आत मुरतो पण काम करत नाही. सगळीकडे सारखा मुरला की प्लेट उबदार करायची. वर-खाली एकाच वेळी काम सुरू होतं.

द्रावण असं: एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी, 35 ग्रॅम बोरिक आम्ल, 18 ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, 0.8 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड आणि अगदी शेवटी 4.5 ग्रॅम अमिडॉल. बोरिक आम्ल गरम पाण्यात आधी विरघळवून घ्या. अमिडॉल त्वचेला आणि कपड्यांना डाग पाडतं, काहींना त्याची ॲलर्जीही होते. हातमोजे आणि मास्क घाला. हे द्रावण काही तासांतच खराब होतं, म्हणून ऐन वेळी करा.

मग क्रम. पहिल्यांदा प्लेट 5 अंशाच्या ऊर्ध्वपातित पाण्यात तासभर भिजू द्या, म्हणजे जिलेटिन फुगतं. मग 5 अंशाच्याच डेव्हलपरमध्ये आणखी तासभर. त्यानंतर प्लेट काढा, वरचं द्रावण टिपकागदाने अगदी हलक्या हाताने टिपा आणि 22 अंशाच्या ट्रेमध्ये कोरडीच, झाकण लावून, अर्धा तास ठेवा. यात दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा दाण्यांच्या दाटीत दिसतो, त्यामुळे तापमापक सतत जवळ हवा. लगेच डेव्हलप करायची म्हणून ठेवलेल्या प्लेटवर आधी ही वेळ तपासा. अर्ध्या तासात पार्श्वभूमी करडी झाली तर वेळ कमी करा.

मुंबई-कोकणात नळाचं पाणी उन्हाळ्यात 30 अंशांना टेकतं. त्या पाण्यात जिलेटिन मऊ पडून थर सुटतो. एसी खोली आणि बर्फाचं मोठं टब नसेल तर हे काम हिवाळ्यात पुणे-नाशिककडे करा, मनस्ताप वाचेल.

उबदार टप्प्यानंतर 5 अंशाच्या, एक टक्का ॲसिटिक आम्लाच्या थांबवण्याच्या द्रावणात तासभर. थराच्या वर चांदीची एक चंदेरी साय येते. ओल्या बोटाने किंवा मऊ चामड्याने हलके चोळली की निघते. तशीच राहिली तर मायक्रोस्कोपखाली धुकं दिसेल.

आता फिक्सर: लिटरला 300 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट), तोही थंड आणि सावकाश ढवळता. दुधाळ थर पारदर्शक होण्यास एक-दोन दिवस लागतात. पारदर्शक झाल्यावर, तितका वेळ लागला त्याच्या निम्म्याने आणखी ठेवा. इथे घाई करणाऱ्यांची प्लेट काही महिन्यांत पिवळी पडते.

त्यानंतरचा भाग सर्वांत नाजूक. घट्ट हायपोतून प्लेट थेट साध्या पाण्यात टाकली तर जिलेटिन एकदम फुगतं आणि ट्रॅक वाकतात. सरळ कणाचा ट्रॅक इंग्रजी सी अक्षरासारखा दिसायला लागतो. म्हणून ट्रेमध्ये थंड पाण्याची बारीक धार सोडून हायपो काही तासांत हळूहळू पातळ करत न्या, मग धुणं दिवसभर चालू ठेवा. शेवटी ग्लिसरीनच्या पातळ द्रावणातून काढून धूळ नसलेल्या जागी आडवी वाळू द्या. हायपोत आता चांदी आहे. ते सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

शोधणं

प्लेटचं क्षेत्रफळ सुमारे 19 चौरस सेंटीमीटर. 20 पटीची वस्तुभिंग आणि 10 पटीची नेत्रभिंग घेतली तर एका वेळी जवळपास 0.9 मिलिमीटर व्यासाचा गोल दिसतो. म्हणजे पूर्ण प्लेट पाहायला सुमारे तीन हजार वेळा सरकवावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी फोकस वरून खाली न्यावा लागतो. 40 पटीने पाहिलं तर हा आकडा 11-12 हजारांवर जातो. म्हणून आधी 20 पटीने तारे हुडका, मग प्रत्येक तारा तेलाच्या 100 पटीच्या भिंगाने तपासा. भिंगाचं टोक तळाच्या खोलीपर्यंत पोहोचतं का, ते घेण्याआधी पाहा. पुष्कळ 100 पटीच्या भिंगांना तेवढी जागाच नसते.

ब्रिस्टलमध्ये हे काम प्रामुख्याने तरुण मुली करत. त्यांना भौतिकशास्त्राची पदवी नसे, पण प्लेटांवरचे महत्त्वाचे प्रसंग प्रथम त्यांच्याच नजरेला पडत. पायऑनचा पहिला स्पष्ट क्षय मारिएटा कुर्त्स यांना दिसला. तासन्‌तास त्याच करड्या पटलावर नजर ठेवणं हे कष्टाचं काम आहे. दर चाळीस-पन्नास मिनिटांनी उठा, डोळे लांब बघू द्या.

दिसतं काय? शेतात ओळीने पेरलेल्या दाण्यांसारखी ठिपक्यांची रांग. दाणे दाट आणि सलग असतील तर तो काळा ट्रॅक, मंद तुकड्याचा. मधली दाटी असेल तर राखाडी. सर्वांत जलद कणाचा बारीक ट्रॅक जी5 सारख्या इमल्शनमध्ये 100 मायक्रॉनला फक्त वीस-तीस दाण्यांचा असतो. नोंदवहीतली एक ओळ अशी दिसावी: 'प्लेट ख-3, आडवं 41.27, उभं 18.90, पृष्ठभागापासून खोली 34 मायक्रॉन, काळे 5, राखाडी 2, बारीक 1, येणारा ट्रॅक नाही.' येणारा ट्रॅक नाही हे मुद्दाम लिहायचं, कारण न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो आणि डोंगरावरचे पुष्कळ तारे न्यूट्रॉनच पाडतात.

ठरलेली फसवणूक अशी. एका बिंदूतून नेमके पाच आखूड काळे ट्रॅक, सगळे 50 मायक्रॉनपेक्षा कमी. हा विश्वकिरणांचा तारा नाही. इमल्शनमध्ये किंवा काचेच्या धुळीत असलेल्या थोरियम मालिकेतल्या एका अणूने एकामागून एक पाच अल्फा कण सोडले आहेत. त्यातला सर्वांत लांब ट्रॅक 8.78 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अल्फाचा, साधारण 47 मायक्रॉनचा. हे तारे टाकून देऊ नका. त्यांच्या लांबीवरून आपली मोजपट्टी तपासता येते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात एच. जे. टेलर आणि दाभोळकर यांनी 1936 मध्ये इमल्शनमधल्या अल्फा कणांच्या पल्ल्यांवर शोधनिबंध लिहिला होता, तो याच स्वरूपाच्या मोजणीबद्दल. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजात हे काम इतक्या लवकर चालू होतं हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

प्रत्येक प्लेट दोघांनी स्वतंत्रपणे पाहायची, एकमेकांची वही न बघता. समजा एकाला 40 तारे सापडले, दुसरीला 36 आणि त्यातले 32 दोघांनाही. तर प्लेटवर एकूण साधारण 40 गुणिले 36 भागिले 32, म्हणजे 45 तारे असावेत आणि पहिल्याची नजर 36 पैकी 32, म्हणजे 89 टक्के चांगली आहे. दोघांच्या वह्या सारख्याच निघाल्या तर शंका घ्या, कुणीतरी दुसऱ्याची पाहिली आहे.

लांबी मोजणं

फिक्स केल्यावर चांदीचं ब्रोमाइड निघून गेलेलं असतं, त्यामुळे थर पातळ होतो. आधी मोजलेली जाडी भागिले आताची, हा आकसण्याचा गुणक. तो साधारण 2.2 ते 2.5 असतो. आडवं अंतर बदलत नाही, फक्त खोली बदलते. म्हणून फोकस फिरवून मोजलेल्या खोलीला गुणकाने गुणा. एक ट्रॅक आडवा 120 मायक्रॉन आणि खोलीत 20 मायक्रॉन असेल, गुणक 2.4 असेल, तर खरी खोली 48. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे सुमारे 129 मायक्रॉन. फोकस तेलाच्या भिंगाने मोजलेला असावा. कोरड्या भिंगाने खोली कमी भरते आणि अपवर्तनांकाची दुरुस्ती करावी लागते.

ट्रॅक थरातच संपत असेल तर लांबीवरून ऊर्जा मिळते. प्रोटॉनला एक दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे 14 मायक्रॉन, 10 ला साडेपाचशे मायक्रॉनच्या आसपास. पण 200 मायक्रॉनच्या थरातून बरेचसे ट्रॅक बाहेर निसटतात, म्हणून संपलेले आणि निसटलेले वेगवेगळे मोजा. काळ्या आणि राखाडी ट्रॅकची मिळून संख्या आठच्या वर गेली तर फुटलेलं केंद्रक चांदी किंवा ब्रोमीनचं होतं, कारण ऑक्सिजनपाशी आठच प्रोटॉन असतात.

कधीतरी एक ट्रॅक थांबताना दिसेल. शेवटी शेवटी दाणे दाटत जातील, रेघ थरथरत वळेल आणि त्या टोकापासून दुसरा ट्रॅक निघेल. तो दुसरा सुमारे 600 मायक्रॉन लांब, तोही शेवटी दाटत जाणारा असेल तर पायऑन थांबून म्युऑन झाला असं म्हणता येईल. थर पातळ असल्यामुळे हा 600 मायक्रॉनचा ट्रॅक सहसा पूर्ण राहत नाही. जे राहतात, त्यांच्या लांब्या जवळपास सारख्या निघतात. वेगवेगळ्या निघाल्या तर तो प्रसंग वेगळा आहे.

असा ट्रॅक सापडला की लगेच सगळ्यांना बोलवू नका. फोकस दर दोन मायक्रॉनला बदलत कॅमेऱ्याने फोटोंची मालिका काढा आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती जुळवा. मग ज्याने आधी काहीच पाहिलेलं नाही अशा तिसऱ्या व्यक्तीला फक्त जागा सांगा, काय शोधायचं ते सांगू नका. तिनेही तेच लिहिलं तर घटना नोंदवहीत क्रमांकाने घ्या. प्लेट दाट कागदाच्या पाकिटात, सिलिका जेलसह, कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात जिलेटिनला बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी जेल बदला.